वेगाचा शेतकरी : जिम क्लार्क

फॉर्म्युला वनचा विषय निघाला की आपल्या कँटीनमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक व्हर्स्टापेनवाली, दुसरी हॅमिल्टनवाली. मधूनच एखादा सीनियर शूमाकरचं नाव घेतो आणि मग सगळे आदराने गप्प बसतात. पण त्याच्याही कितीतरी आधी, आपल्या आजोबांच्या तरुणपणी, एक ड्रायव्हर होऊन गेला. त्याने फॉर्म्युला वनच्या अवघ्या ७२ रेस केल्या. त्यातल्या २५ जिंकल्या आणि ३३ वेळा तो सगळ्यांच्या पुढून सुटला. दोनदा जगज्जेता झाला आणि वयाच्या ३२ व्या वर्षी गेला. त्याचं नाव जिम क्लार्क. आणि गंमत म्हणजे हा माणूस मूळचा शेतकरी!

मित्रमैत्रिणींनो, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द डोकावणारच, तेवढं सांभाळून घ्या. पण क्लार्कबद्दल मराठीतच लिहायचं असं मी ठरवलं होतं. कारण ही गोष्ट मी घरी आजीला सांगितली तेव्हा तिला त्यातलं इंजिन, गिअर, लॅप टाइम काही कळलं नाही. पण चार बहिणींवर झालेला एकुलता एक मुलगा आणि बापाची शेती, एवढं ऐकल्यावर तिने लगेच विचारलं, की मग शेत कोणी बघितलं? क्लार्कच्या आयुष्यातला पहिला प्रश्न हाच होता.

जिमचा जन्म ४ मार्च १९३६ चा, स्कॉटलंडमधल्या किलमनी गावचा. तो सहा वर्षांचा असताना कुटुंब दक्षिणेला, चर्नसाइड गावाजवळच्या एडिंग्टन मेन्स नावाच्या शेतावर राहायला आलं. मुलाला चांगल्या बोर्डिंग शाळेत घातलं होतं, पण शेतावर घरचा माणूस हवा म्हणून सोळाव्या वर्षीच शाळा सोडून तो परत आला. ट्रॅक्टर चालवायचा, मेंढ्या बघायच्या, बाजाराला जायचं. एकुलत्या एका मुलाच्या डोक्यावर जमिनीचा किती भार असतो हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. आमची पनवेल तालुक्यात थोडी भातशेती आहे आणि माझे बाबाही एकुलते एक. नोकरी सांभाळून ते लावणीला दरवर्षी सुट्टी टाकतात. शेत सुटत नाही ते नाहीच.

जिमचा एक मित्र होता, इयन स्कॉट वॉटसन. त्यालाही गाड्यांचं वेड. १९५६ साली त्याच्याच डीकेडब्ल्यू गाडीतून जिमने आयुष्यातली पहिली रेस केली. जागा होती क्रिमंड, म्हणजे स्कॉटलंडच्या पार ईशान्य टोकाकडची एक जुनी विमानतळाची धावपट्टी. (आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमला जुन्या धावपट्टीवरच वर्षानुवर्षं रेस होत असत.) त्या दिवशी जिम काही चमकला नाही. पण मित्राच्या एक गोष्ट लक्षात आली, की आपलीच गाडी हा पठ्ठ्या आपल्यापेक्षा जोरात पळवतोय, आणि तेही आरामात. घरच्यांना मात्र रेसिंग अजिबात पसंत नव्हतं. आई-वडिलांच्या जीवाला घोर लागायचा. जिम स्वतःही कसला निर्णय पटकन घेणारा नव्हता. नखं कुरतडायची त्याची सवय तर जगप्रसिद्ध होती. कुठे जेवायला जायचं हे ठरवतानाही त्याचा गोंधळ उडायचा म्हणे. पण एकदा गाडीत बसला की हा गोंधळ कुठल्या कुठे पळून जायचा.

२६ डिसेंबर १९५८ ला इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवर तो लोटस एलिट चालवत होता. समोर त्याच गाडीत साक्षात तिचा निर्माता कॉलिन चॅपमन! चॅपमन हा आपल्यातलाच, लंडनला स्ट्रक्चरल इंजिनियरिंग शिकलेला. गाडीतलं वजन जेवढं काढता येईल तेवढं काढायचं, हे त्याचं आयुष्यभराचं सूत्र. त्या रेसमध्ये क्लार्कने चॅपमनला चांगलंच झुंजवलं, शेवटी दुसरा आला. पण चॅपमनला जे कळायचं ते कळलं. पुढची दहा वर्षं ही जोडी तुटली नाही. १९६० साली चॅपमनने त्याला आपल्या टीममध्ये घेतलं, ते फॉर्म्युला ज्युनियरसाठी.

आता हे फॉर्म्युला ज्युनियर काय प्रकरण होतं ते सांगते, कारण ते इंजिनियरिंगच्या पोरांना नक्की आवडेल. इटलीच्या काउंट जोव्हानी लुरानी यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. नवख्या ड्रायव्हरला परवडेल अशी एका सीटची, उघड्या चाकांची छोटी रेसिंग कार बनवायची. अट अशी की इंजिन, गिअरबॉक्स वगैरे मुख्य भाग रस्त्यावरच्या साध्या गाडीचे हवेत. इंजिन १००० सीसीपर्यंत असेल तर गाडीचं वजन किमान ३६० किलो, आणि ११०० सीसीपर्यंत असेल तर किमान ४०० किलो. १९५८ मध्ये इटलीत सुरू झालेला हा फॉर्म्युला १९५९ पासून १९६३ पर्यंत जगभर चालला. आपली जुनी मारुती ८०० सुद्धा साडेसहाशे किलोच्या आसपास भरायची, त्यावरून अंदाज करा! पुढे कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी त्याच मारुतीचं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती बनवली, तीही याच विचारातून.

क्लार्कची लोटस १८ फोर्ड अँग्लिया या साध्यासुध्या गाडीच्या ९९७ सीसी इंजिनावर पळायची. ते इंजिन ट्यून केलं होतं कॉसवर्थ नावाच्या नव्या कंपनीने, जी माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ या दोघांनी १९५८ मध्ये काढली होती. मार्च १९६० मध्ये गुडवुडला क्लार्कने फॉर्म्युला ज्युनियरची रेस जिंकली. दुसरा आला जॉन सर्टीस, जो तेव्हा मोटरसायकलचा जगज्जेता होता आणि कारची पहिलीच रेस करत होता. चार वर्षांनी तोच फॉर्म्युला वनचाही जगज्जेता झाला!

या गाड्या मी स्वतः डोळ्यांनी बघितल्या आहेत. माझा मामा इंग्लंडमध्ये केंटला असतो. बारावीनंतर मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा जुलैच्या एका रविवारी तो मला ब्रँड्स हॅचला जुन्या गाड्यांच्या मीटला घेऊन गेला. मामी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं बांधून द्यायला विसरली नाही. ब्रँड्स हॅच म्हणजे एक मोठी वाटी. कडेच्या चढावर गवतात बसलं की बराचसा ट्रॅक समोर दिसतो. फॉर्म्युला ज्युनियरची रेस सुरू व्हायच्या आधी आम्ही पॅडॉकमध्ये फिरून आलो. तिथे कोणी अडवत नाही. गाड्या इतक्या लहान की पहिल्यांदा मला त्या खाडीतल्या होडक्यांसारख्या वाटल्या. पंख नाहीत, स्पॉयलर नाही, टायर अरुंद. ड्रायव्हर जवळजवळ आडवा झोपलेला. पायापुढे पातळ पत्रा आणि बारीक नळ्यांची फ्रेम, बाजूला पेट्रोलची टाकी. चालवणाऱ्यांत बरेच पिकल्या केसांचे होते आणि त्यांची मुलं-नातवंडं हवा तपासत होती, नटबोल्ट आवळत होती.

मग रेस सुरू झाली. पहिलंच वळण, पॅडॉक हिल बेंड, उजवीकडे वळता वळता एकदम खाली उतरतं. तिथे गाड्या सरळ जातच नव्हत्या. चारही चाकं थोडी थोडी घसरत होती आणि ड्रायव्हरची मनगटं सारखी हलत होती. छोट्या इंजिनांचा तो कर्कश आवाज आणि जळक्या तेलाचा वास अजून आठवतो. टीव्हीवर रेस बघताना हातांचं काम दिसतच नाही हो. इथे गाडीचं प्रत्येक दुखणं ड्रायव्हरच्या हातात दिसत होतं.

आमच्या शेजारी एक आजोबा घडीची खुर्ची टाकून बसले होते. मी इंडियातून आलेय आणि इंजिनियर होणारेय म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. ते शाळकरी असताना ११ जुलै १९६४ ला याच ट्रॅकवर पहिल्यांदा ब्रिटिश ग्राँ प्री झाली, तेव्हा वडिलांबरोबर याच चढावर बसले होते. क्लार्क पहिल्या लॅपपासून शेवटपर्यंत पुढे होता, ग्रॅहॅम हिल सारखा त्याच्या मागे. आजोबांना आठवत होतं ते असं, की क्लार्क अजिबात फास्ट वाटत नव्हता. बाकीच्या गाड्या धडपडत वळायच्या आणि हा जणू बागेत फिरायला आल्यासारखा जायचा. वडिलांच्या हातातलं स्टॉपवॉच मात्र वेगळंच सांगायचं. मी मनात म्हटलं, हे बरोबर लक्षात ठेवायला हवं.

कारण क्लार्कचं सगळं मोठेपण यातच आहे. तो गाडीला त्रास द्यायचा नाही. त्याचे ब्रेक पॅड आणि टायर इतरांपेक्षा जास्त टिकायचे. गाडीत काही बिघाड असला तरी तो आपली चालवण्याची पद्धत नकळत बदलायचा आणि वेळ तीच काढायचा. चॅपमनची यामुळे पंचाईत व्हायची. गाडी चांगली आहे की क्लार्क तिचे दोष झाकतोय, हेच त्याला कळायचं नाही. विचार करा, डिझायनरला असा ड्रायव्हर मिळणं हे केवढं भाग्य आणि केवढा धोका!

६ जून १९६० ला हॉलंडमध्ये क्लार्क फॉर्म्युला वनमध्ये उतरला. दुसरीच रेस बेल्जियममधल्या स्पाची. त्या एका शनिवार-रविवारी त्याच्याच टीमचा ॲलन स्टेसी आणि दुसरा तरुण ड्रायव्हर ख्रिस ब्रिस्टो असे दोघे गेले. त्याआधी १९५८ मध्ये तिथेच त्याच्या रेसमध्ये आर्ची स्कॉट ब्राउन गेला होता. स्पाचा त्याने कायमचा धसका घेतला. आणि तरीही १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षं तो तिथे जिंकला! १९६१ मध्ये मोंझाला त्याची आणि फॉन ट्रिप्सची चाकं एकमेकांना लागली. फॉन ट्रिप्स आणि डझनाहून जास्त प्रेक्षक ठार झाले. क्लार्कला खरचटलंही नाही, पण तो शेतावर जाऊन बसला आणि रेसिंग सोडायच्या विचारात होता. सोडलं नाही. का सोडलं नाही, याचं उत्तर त्यालाही देता आलं नसावं.

१९६२ मध्ये चॅपमनने लोटस २५ काढली. नळ्यांच्या फ्रेमऐवजी पत्र्याची पेटीच गाडीचा सांगाडा. फॉर्म्युला वनमधला हा पहिला पूर्ण मोनोकॉक. वर्षाची शेवटची रेस दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनला २९ डिसेंबरला होती. क्लार्क आरामात पुढे होता, जिंकला असता तर जगज्जेता. आणि इंजिनमधला एक छोटासा बोल्ट सैल होऊन पडला. त्या भोकातून ऑइल गेलं, गाडी थांबवावी लागली, आणि चॅम्पियनशिप ग्रॅहॅम हिलला गेली. एक बोल्ट!

पुढच्या वर्षी, १९६३ ला, त्याने १० पैकी ७ रेस जिंकून ती कसर भरून काढली. १९६४ ला मेक्सिकोत पुन्हा शेवटच्या रेसमध्ये जेमतेम एक-दोन लॅप राहिले असताना ऑइल गळालं आणि सर्टीस जगज्जेता झाला. १९६५ हे त्याचं सोन्याचं वर्ष. मोनॅकोची रेस सोडून तो अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० ला गेला. २०० पैकी १९० लॅप पुढे राहून जिंकला. मागे इंजिन असलेली गाडी तिथे पहिल्यांदाच जिंकली. त्याच वर्षी तो दुसऱ्यांदा जगज्जेता झाला.

१९६७ मध्ये कॉसवर्थचं नवीन डीएफव्ही इंजिन आलं आणि हॉलंडला पहिल्याच रेसमध्ये क्लार्कने ते जिंकवून दाखवलं. अँग्लियाचं इंजिन ट्यून करणारे तेच लोक! या इंजिनाने पुढे फॉर्म्युला वनमध्ये १५५ विजय मिळवले. त्याच वर्षी मोंझाला टायरमुळे क्लार्क एक पूर्ण लॅप मागे पडला. तिथून सगळ्यांना गाठून तो परत पहिला आला, आणि शेवटच्या लॅपला पेट्रोल संपत आलं म्हणून तिसरा. १ जानेवारी १९६८ ला दक्षिण आफ्रिकेत त्याने २५ वी रेस जिंकली आणि फान्जिओचा २४ चा विक्रम मोडला.

७ एप्रिल १९६८. जर्मनीतल्या हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूची एक रेस होती. चॅम्पियनशिपच्या दृष्टीने फारशी महत्त्वाची नव्हे. हवा ओलसर. पाचव्या लॅपला एका जवळजवळ सरळ पट्ट्यावर क्लार्कची लोटस ४८ अचानक रस्ता सोडून झाडांत गेली. आसपास दुसरी गाडी नव्हती. मागच्या टायरमधली हवा हळूहळू गेली असावी, असं कारण बहुतेकांनी मानलं. रस्ता आणि झाडं यांच्यामध्ये कठडा नव्हता. क्लार्क वाचला नाही.

त्याच दिवशी ब्रँड्स हॅचला स्पोर्ट्स कारची लांब पल्ल्याची मोठी रेस होती. क्लार्क तिथे येणार अशी आधी चर्चा होती. आमच्या शेजारचे ते आजोबा त्या दिवशीही चढावर होते. लाउडस्पीकरवरून बातमी सांगितली गेली. ट्रॅकवर गाड्या पळतच होत्या, पण चढावर कोणी कोणाशी बोललं नाही. हे सांगताना आजोबा समोरच्या छोट्या गाड्यांकडेच बघत राहिले. मामाने पुऱ्यांचा डबा पुढे केला, त्यांनी एक घेतली. मला काय बोलावं सुचलं नाही.

बाकीच्या ड्रायव्हरांना एकच धक्का बसला. ज्याच्या हातून चूक होतच नाही असं ते समजत होते, तोच गेला, मग आपली काय कथा? आणि ते वर्षच वाईट होतं. ७ मेला माइक स्पेन्स, ८ जूनला स्कार्फिओटी, ७ जुलैला जो श्लेसर. महिन्याला एक. जॅकी स्टुअर्टने यानंतर ट्रॅकच्या सुरक्षेसाठी अक्षरशः भांडण मांडलं. हॉकेनहाइमला कठडे आले, वेग कमी करणारी वळणं आली, त्यातल्या एकाला क्लार्कचं नाव दिलं. १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये सीटबेल्ट सक्तीचे झाले. म्हणजे क्लार्कच्या काळात ते सक्तीचेही नव्हते!

आपण पनवेलचे लोक. कळंबोलीपासून सुरू होणारा एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याची आपल्याला केवढी कौतुकं. पण त्यावरच्या अपघातांच्या बातम्या वाचतच आपण मोठे झालो. बातमीत बहुतेक वेळा ड्रायव्हरचा ताबा सुटला एवढंच लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये तिथे झीरो फेटॅलिटी कॉरिडॉरचं काम सुरू झालं तेव्हा प्रश्न वेगळा विचारला गेला. ताबा सुटल्यावर गाडी कशावर आदळते? कठडा कुठे संपतो? मधला पट्टा ओलांडून ती पलीकडे जाऊ शकते का? हॉकेनहाइमने १९६८ मध्ये जगाला हेच विचारायला लावलं होतं. माणसाचा ताबा सुटणारच. टायर फुटणारच. पुढे काय होतं ते इंजिनियरच्या हातात असतं.

आपल्या कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये मी नटबोल्ट आणि ब्रेकची चेकलिस्ट सांभाळते. हे काम कोणाला नको असतं, कारण त्यात ग्लॅमर नाही. स्टुडंट फॉर्म्युलाचे नियम कडक आहेत. गाडी ६० अंशात तिरकी केली तरी ऑइल गळता कामा नये, ड्रायव्हर ५ सेकंदांत बाहेर आला पाहिजे, महत्त्वाचा प्रत्येक बोल्ट आपोआप सैल होणार नाही असा लॉक केलेला हवा. मागच्या वर्षी टेस्टिंगच्या आदल्या रात्री सगळे दमले होते. सस्पेन्शनचे काही बोल्ट पुन्हा उघडून लॉकवायर करायचे होते. आपला ड्रायव्हर भारी आहे, तो सांभाळून घेईल, असं टीममधलं कोणीतरी म्हणालं. मी त्यांना ईस्ट लंडनच्या बोल्टची गोष्ट सांगितली. मग हॉकेनहाइमचीही. पहाटे तीनपर्यंत बसून आम्ही ते सगळे बोल्ट केले. ड्रायव्हर माझा मित्र आहे, त्याची आई मला ओळखते. कागदावर सही माझी होती.

ड्रायव्हर सांभाळून घेईल, हे वाक्य जिम क्लार्कच्या बाबतीत जितकं खरं होतं तितकं दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत नव्हतं. दहा वर्षं त्याने सगळं सांभाळून घेतलं. एक दिवस त्याच्याही हातात काही उरलं नाही. ज्युनियर्सना एवढंच सांगेन, की आपली गाडी अशी बनवा की ती चालवायला जिम क्लार्क लागू नये.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर. क्लार्क जगभर रेस करत होता तेव्हा शेत दुसऱ्यांनी बघितलं. पण ते त्याने मनातून कधी सोडलं नाही. चर्नसाइडच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. तिच्या दगडावर आधी शेतकरी असं लिहिलंय आणि मग जगज्जेता.